संशयाची किंमत कोण मोजतो?

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले किहीम हे गाव मुंबईकरांना आज सुटीच्या दिवसांपुरते ठाऊक असते. भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात मात्र या गावाला मानाचे स्थान आहे. जर्मनीत एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली अभ्यास करून १९३० साली मायदेशी परतलेल्या सलीम अली यांची मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील जागा पैशाअभावी रद्द झाली होती. नोकरी गेलेला हा पक्षिवेडा गृहस्थ पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिला. तेथे त्याने सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, त्यामुळे पुढे त्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांत झाले. या निरुपद्रवी व्यासंगाचा जागतिक राजकारणाशी कधी काळी संबंध जोडला जाईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

पण तसे घडले. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्यांच्यामागून माणसांत ताप पसरला. हा विषाणू स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर उत्तरेकडून आला असेल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले. पुढे पैसा आला तो अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन यंत्रणेकडून. अमेरिका त्या काळात व्हिएतनाममध्ये लढत होती आणि जंतुयुद्धाची तिची अधिकृत तयारी १९६९ पर्यंत चालू होती. मग पाखरांच्या पायांतील कड्यांवरही संशयाची सावली पडावी, यात नवल नव्हते. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून परकीय पैशावर चालणाऱ्या संशोधनाविषयी गवगवा झाला आणि १९७५ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने आपल्या १६७व्या अहवालात या सर्व प्रकल्पांची झाडाझडती घेतली. त्यात हा पक्षी-प्रकल्पही होता.

समितीने विचारलेला प्रश्न गैर नव्हता. परकीय लष्कराचा पैसा देशात कशासाठी येतो, हे विचारणे संसदेचे कर्तव्यच आहे. या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. संशय उघड व्यासपीठावर मांडला गेला, सरकारी खात्यांकडून उत्तरे मागविली गेली, अहवाल छापला गेला आणि तो कोणालाही वाचता आला. सलीम अलींना दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. स्थलांतराचा अभ्यास संस्थेने पुढेही चालू ठेवला. संशय घेतला गेला म्हणून माणूस संपला नाही. हाच संशय एखाद्या बंद लिफाफ्यात राहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करावयाची असेल, तर शीतयुद्धाच्या प्रारंभीची अमेरिका पाहावी लागते.

निष्ठेची छाननी

अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी भयाचा काळ म्हटला की सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे नाव पुढे येते. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग येथील भाषणात त्यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरले असल्याचा आरोप केला. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांच्या वर्तनाचा निषेध केला. जणू एका आततायी माणसाने हे भय निर्माण केले आणि त्याच्याबरोबर ते मावळले, असा समज त्यामुळे होतो. तो खरा नाही. सरकारी नोकरांच्या निष्ठेची छाननी करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २१ मार्च १९४७ रोजी, म्हणजे मॅकार्थी यांच्या त्या भाषणाच्या जवळजवळ तीन वर्षे आधी काढला होता. त्या वर्षअखेर संशयास्पद संघटनांची सरकारी यादीही प्रसिद्ध झाली. मॅकार्थी आले तेव्हा यंत्र तयार होते. त्यांनी फक्त आवाज चढविला.

भय निराधार होते, असेही म्हणता येणार नाही. सोव्हिएत हेर अमेरिकेत होते. क्लाउस फुक्स यांनी अणुबॉम्बची रहस्ये रशियाला पुरविल्याचे १९५० मध्ये उघड झाले, आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेनोना’ या सांकेतिक संदेशांच्या संग्रहाने हेरगिरीची व्याप्ती निर्विवाद सिद्ध केली. १९४९ मध्ये रशियाने अणुस्फोट केला, त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली, पुढच्या वर्षी कोरियात युद्ध पेटले. सामान्य अमेरिकन माणूस हादरला यात आश्चर्य नाही. परंतु खरे हेर सापडले ते सांकेतिक लिपी उलगडून आणि पोलिसी तपासाच्या नेहमीच्या चिकाटीने. लाखो कारकुनांकडून निष्ठेची प्रपत्रे भरून घेतल्याने त्यात फारशी भर पडली नाही. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार होता.

या यंत्राचे खरे स्वरूप डोरोथी बेली यांच्या प्रकरणात दिसले. सरकारच्या रोजगार खात्यात नोकरी करणाऱ्या या बाईंवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला. त्यांनी इन्कार केला, आपल्या बाजूने साक्षीदार आणले. त्यांच्याविरुद्ध माहिती कोणी दिली हे त्यांना सांगण्यात आले नाही. किंबहुना निकाल देणाऱ्या मंडळालाही खबऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. नोकरी गेली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी विभागली आणि बडतर्फी कायम राहिली. त्याच वर्षी निष्ठाछाननीची कसोटीही बदलण्यात आली. माणूस निष्ठाहीन आहे असे मानण्यास वाजवी कारण असावे, ही अट जाऊन त्याच्या निष्ठेविषयी वाजवी शंका असली तरी पुरे, अशी तरतूद आली. न्यायालयात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. येथे तो सरकारला मिळू लागला.

१९४७ ते १९५६ या काळात सुमारे २७०० सरकारी नोकर बडतर्फ झाले आणि सुमारे १२००० जणांनी राजीनामे दिले, असा अंदाज आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या चौपटीहून अधिक आहे, हे ध्यानात घ्यावे. चौकशीत निर्दोष ठरलो तरी नावाला लागलेला डाग जाणार नाही, हे राजीनामा देणाऱ्यांपैकी कित्येकांनी ओळखले असले पाहिजे.

चुकीचा खर्च कोणाच्या खाती?

अर्थशास्त्राच्या साध्या दृष्टीने पाहिले तर या यंत्राचे मर्म लवकर ध्यानात येते. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून दोन प्रकारची चूक होऊ शकते. धोकादायक माणसाला तो निर्दोष ठरवील, किंवा निर्दोष माणसाला धोकादायक ठरवील. पहिली चूक उघडकीस आली तर अधिकाऱ्याची नोकरी जाते, वृत्तपत्रांत नाव येते, कदाचित त्याच्याच निष्ठेची चौकशी सुरू होते. दुसरी चूक कधीच उघडकीस येत नाही. नोकरी गेलेला माणूस दुसऱ्या गावी जातो, पडेल ते काम करतो आणि गप्प बसतो. म्हणजे एका चुकीची किंमत अधिकाऱ्याला मोजावी लागते आणि दुसरीची किंमत भलत्यालाच. अशा स्थितीत कोणताही सावध अधिकारी काय करील, हे सांगावयास नको. तो शंका आली की नाव खोडील. त्यासाठी तो दुष्ट असण्याची गरज नाही; तो आपला प्रपंच सांभाळणारा साधा नोकर असला तरी पुरे.

म्हणूनच संशयाची यंत्रणा एकदा उभी राहिली की ती स्वतःच्या बळावर चालू लागते. तिला मॅकार्थींसारख्या नेत्याची गरज उरत नाही. कारखान्याचा धूर गावाने गिळावा आणि मालकाला त्याचा खर्च पडू नये, तसा हा व्यवहार आहे. ज्याच्या निर्णयाने नुकसान होते त्याच्या वहीत ते नोंदले जात नाही, आणि जे वहीत नाही ते कमी करण्याची कोणालाच घाई नसते.

विद्येचे नुकसान

या नोंद न झालेल्या नुकसानाचा काही अंश मागाहून मोजता आला. केन्सच्या विचारांवर आधारलेले अमेरिकेतील पहिले पाठ्यपुस्तक लॉरी टार्शिस यांनी १९४७ साली लिहिले. केन्सचे अर्थशास्त्र भांडवलशाही वाचविण्यासाठी होते, ती उलथून टाकण्यासाठी नव्हे. पण सरकारी खर्चाचे समर्थन म्हणजे साम्यवाद, अशी ओरड करणारी पत्रके महाविद्यालयांच्या विश्वस्तांकडे धाडण्यात आली आणि ते पुस्तक मागे पडले. पुढच्याच वर्षी आलेल्या पॉल सॅम्युएलसन यांच्या पुस्तकावरही असाच हल्ला झाला, पण ते टिकले. भारतातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तेच वाचले. लॉरेन्स क्लाइन यांची कथा तर अधिक बोलकी आहे. तरुणपणी थोडा काळ कम्युनिस्ट पक्षाचे सभासद राहिलेल्या या अर्थशास्त्रज्ञाला १९५४ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे जबाब द्यावा लागला. मिशिगन विद्यापीठ सोडून ते ऑक्सफर्डला गेले. अमेरिकी अर्थव्यवस्थेचे गणिती प्रतिमान बांधणाऱ्या याच माणसाला १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

च्यान श्वेसन या चिनी शास्त्रज्ञाने तर अमेरिकेला संशयाचा अर्थ चांगलाच शिकविला. कॅलिफोर्नियात अग्निबाणांचे संशोधन करणाऱ्या या माणसाची सुरक्षा-परवानगी १९५० मध्ये काढून घेण्यात आली. पाच वर्षे नजरेखाली ठेवून १९५५ मध्ये त्याला चीनला जाऊ दिले आणि तेथे तो चिनी क्षेपणास्त्रांचा जनक ठरला. अणुबॉम्बच्या निर्मितीचे नेतृत्व करणाऱ्या ओपेनहायमर यांची परवानगी १९५४ मध्ये रद्द झाली. तो निर्णय सदोष होता, हे अमेरिकी सरकारने मान्य करून तो मागे घेतला तो डिसेंबर २०२२ मध्ये. तोवर ओपेनहायमर यांच्या मृत्यूला पंचावन्न वर्षे होऊन गेली होती.

चीनविषयी जाणकार असलेल्या परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांनी च्यांग कै-शेक यांची राजवट टिकणार नाही, असे आधीच कळविले होते. भाकित खरे ठरले आणि तोच त्यांचा गुन्हा झाला. जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस यांच्यासारख्यांची कारकीर्द संपली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९९५ मध्ये कबूल केले की, पूर्व आशियाचे जाणकार पन्नाशीच्या दशकातच खात्यातून घालविले गेल्यामुळे व्हिएतनामविषयी योग्य सल्ला देणारे कोणी उरले नव्हते. कम्युनिझमच्या भयाने केलेल्या सफाईमुळे कम्युनिझमशी लढतानाच आंधळेपण आले.

शिक्षकांचे काय झाले? कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली आणि १९५० मध्ये नकार देणाऱ्या ३१ जणांना काढून टाकले. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि वॅग्नर थीलेन्स यांनी १९५५ मध्ये १६५ महाविद्यालयांतील २४५१ सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या मनात धास्ती आढळली. यांपैकी बहुतेकांवर कोणताही आरोप झाला नव्हता. तरीही कोणते पुस्तक नेमावे, वर्गात काय बोलावे, कोणत्या अर्जावर सही करावी, याचा ते दहादा विचार करीत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. सरकारला सर्वांना शिक्षा करावी लागत नाही; थोड्यांना केली की उरलेले आपल्या तोंडाला आपणच कुलूप घालतात.

आपल्याकडच्या फायली

हे सारे दूरदेशी घडले, असे मानून समाधान करून घेण्याचे कारण नाही. मीरतचा खटला ही तर ब्रिटिशांची करणी होती. १९२९ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांना उचलून हजार मैलांवर चार वर्षे खटला चालविण्यात आला. श्रीपाद अमृत डांगे हे त्यांतलेच. १९५७ साली मुंबईच्या मतदारांनी त्यांना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठविले. पण स्वातंत्र्यानंतरही भय गेले नाही. तेलंगणातील सशस्त्र उठाव आणि १९४८ नंतरचे कम्युनिस्ट पक्षाचे जहाल धोरण यांमुळे त्या भयाला आधारही होता. मुंबई सरकारने त्याच काळात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. त्याच अण्णा भाऊंच्या मॉस्कोतील पुतळ्याचे अनावरण २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. अमेरिकेने ओपेनहायमर यांना न्याय दिला तेही हेच वर्ष. राज्यसंस्थेला आपला संशय खोटा होता हे कळण्यास दोन्हीकडे सात-सात दशके लागली.

मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने १९५० मध्ये आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० रोजी जिंकले. घटना लागू होऊन चार महिनेच झाले होते. परंतु वर्षभरात, जून १९५१ मध्ये, पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घालण्यात आले. निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही त्याच दुरुस्तीने आली, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

कारकून आणि शिक्षक यांच्या दृष्टीने दुसरे एक प्रकरण अधिक जवळचे आहे. १९४९ मध्ये रेल्वेने राष्ट्रीय सुरक्षेच्या रक्षणासाठी म्हणून नियम केले. विध्वंसक कारवायांत भाग घेतल्याचा वाजवी संशय असलेल्या, किंवा तशा लोकांशी विश्वासार्हतेला बाध येईल असा संबंध असलेल्या नोकराला त्यान्वये दूर करता येई. अमेरिकेतील आदेशाला अवघी दोनच वर्षे झाली होती. दोन्ही नियमांची भाषा सख्ख्या बहिणींसारखी दिसते. कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या आरोपावरून बंगाल-नागपूर रेल्वेच्या काही कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचले. डिसेंबर १९५७ मध्ये निकाल लागला तो असा की, संघटना करण्याचा त्यांचा हक्क अबाधित आहे, ते खुशाल कम्युनिस्ट राहू शकतात. मात्र सरकारी नोकरीत राहण्याचा त्यांना मूलभूत हक्क नाही. कायद्याच्या काटेकोर भाषेत हे बरोबर असेल. पण ज्याची चूल पगारावर पेटते, त्याला हा हक्क आणि ती नोकरी यांतून काय निवडावे, हा प्रश्न पडत नाही.

पुढे न्यायालयाची दृष्टी पालटत गेली. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपानंतर मुंबईतील लेखा खात्याच्या एका कर्मचाऱ्याने आव्हान दिले आणि १९६२ मध्ये, मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासदत्व हाच अपराध ठरविणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. खरा मैलाचा दगड आला १९८३ मध्ये. मध्य प्रदेशातील नगरपालिकेच्या एका शाळेत शिकविणारा शिक्षक, शाळा सरकारने ताब्यात घेतल्यावर, सरकारी सेवेत आला. मागाहून पोलिसांचा अहवाल आला की, हा मनुष्य पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कामात होता. त्यावरून त्याला काढले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात मॅकार्थीवादाचे नाव घेऊन बजावले गेले की, पूर्वीच्या राजकीय मतांसाठी नोकरी नाकारणे म्हणजे तो वाद भारतात आणणे होय, आणि तो आपल्या घटनेच्या तत्त्वज्ञानाशीच विसंगत आहे.

या दोन प्रकरणांत एकदा लाल बावट्याशी संबंध असलेला रेल्वे कर्मचारी सापडला आणि दुसऱ्यांदा भगव्या झेंड्याखाली उभा राहिलेला शिक्षक. फाईल तीच, रकाना तोच. सत्तेतील भयाप्रमाणे रकान्यातील नाव बदलले. आज जो पक्ष ही फाईल आपल्या हाती हवी म्हणून धडपडतो, त्याने आपलेच नाव तिच्यात कधी होते हे जुनी कागदपत्रे काढून पाहावे.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने संमत केले. नक्षलवादाला शहरांतून मिळणारे पाठबळ तोडणे हा त्याचा सांगितलेला हेतू आहे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पोलिसांचे आणि गरीब आदिवासींचे रक्त सांडले आहे. त्या हिंसेकडे डोळेझाक करणारी कोणतीही चर्चा प्रामाणिक म्हणता येणार नाही. आंध्र प्रदेश, तेलंगण, छत्तीसगढ, ओडिशा या राज्यांत असे कायदे आधीच आहेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. मूळ मसुद्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, संयुक्त समिती बसली आणि काही दुरुस्त्या झाल्या. व्यक्तींचा उल्लेख वगळून रोख कडव्या डाव्या संघटनांवर ठेवण्यात आला. सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायमूर्तींकडे देण्यात आले. राजकीय आंदोलनांविरुद्ध हा कायदा वापरला जाणार नाही, असे आश्वासनही मुख्यमंत्र्यांनी दिले.

दुरुस्त्या स्वागतार्ह आहेत, आश्वासनही प्रामाणिक असेल. परंतु आश्वासन मंत्र्यांबरोबर जाते, शब्द कायद्यात राहतात. चर्चेला आलेल्या मसुद्यात बेकायदा कृत्याच्या व्याख्येत, प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा उपदेश करणे हेही होते. या व्याख्येच्या चौकटीत महाडच्या चवदार तळ्यापासून मिठाच्या सत्याग्रहापर्यंत काय काय बसले असते, याचा विचार इतिहासाच्या शिक्षकांनी करावा. बेकायदा ठरलेल्या संघटनेच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत आणि सभासद नसताही तिला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, असा दंडकही त्यात आहे. बंदी असलेल्या संघटनेचे केवळ सभासदत्व हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते; मार्च २०२३ मध्ये मोठ्या खंडपीठाने ते मत फिरविले. म्हणजे कृतीकडून संबंधाकडे, आणि पुराव्याकडून संशयाकडे, कायद्याचा कल पुन्हा झुकत आहे.

अमेरिकेने या बाबतीत उलटा प्रवास केला, तोही विसरता कामा नये. कम्युनिस्ट नेत्यांना केवळ शिकवणुकीसाठी दिलेल्या शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये उचलून धरल्या. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने तत्त्वाचा पुरस्कार आणि कृतीची चिथावणी यांत भेद केला. त्यामुळे अमेरिका कम्युनिस्ट झाली नाही. उलट मिशिगनहून गेलेले क्लाइन त्यानंतर अमेरिकेत परतले आणि तिच्याच विद्यापीठात शिकवू लागले.

तेव्हा मागणी ‘सुरक्षा नको’ अशी नाही. कोणत्याही राज्याला आपले रक्षण करावेच लागते. मागणी एवढीच आहे की, संशयाच्या चुकीची किंमत तो घेणाऱ्याच्याही वहीत लिहिली जावी. ज्या अहवालावरून एखाद्याची नोकरी, शिष्यवृत्ती किंवा संघटना जाते, तो त्याला दाखवावा. माहिती देणाराचे नाव गुप्त ठेवावयाचे असेल तर निदान निकाल देणाऱ्याला ते ठाऊक असावे. आरोप कृतीचा असावा, ओळखीपाळखीचा नसावा. निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, ठराविक मुदतीत फेरतपासणी व्हावी, आणि संशय खोटा ठरला तर भरपाई सरकारी तिजोरीतून जावी व चूक करणाऱ्याच्या गोपनीय अहवालात तशी नोंद व्हावी. एवढे झाले तर अधिकाऱ्याला दोन्ही चुकांचे भय सारखे वाटेल, आणि खऱ्या अपराध्यावरचे त्याचे लक्ष उडणार नाही. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा जुनाच व्यवहार चालू राहील.

शिक्षकाने नेमलेले पुस्तक, कारकुनाने भरलेली संघटनेची वर्गणी, विद्यार्थ्याने केलेली एका अर्जावरची सही, या गोष्टी कोणत्याही समाजात रोजच्या असाव्यात. त्या करताना हात थबकू लागला की कायदा अजून कोणावरही चालविला गेला नसला तरी त्याची वसुली सुरू झालेली असते. अमेरिकेतील त्या २४५१ अध्यापकांपैकी निम्म्यांनी ती भरली. महाराष्ट्रातील शिक्षक आणि कर्मचारी यांच्यावर ती वेळ येऊ नये, यासाठी या विधेयकातील शब्द आणि त्यांचा वापर यांवर आजपासूनच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. आणि फाईल आपल्या विरोधकाची आहे म्हणून गप्प बसण्याचा मोह टाळला पाहिजे.